नवी मोटार की जुनी?

जुनी मोटार घेणे म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी पैसे मोजून घरी आणणे, ही समजूत आपल्याकडील नोकरदार वर्गात इतकी रुजली आहे की तिची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. शिक्षक असो, बँकेतील कारकून असो वा नुकताच नोकरीला लागलेला पदवीधर असो, गाडीचा विषय निघाला की पहिला विचार होतो तो शोरूमचा. पाडव्याचा नाहीतर दसऱ्याचा मुहूर्त गाठावयाचा, बॉनेटला झेंडूचा हार घालावयाचा, चाकाखाली लिंबे ठेवावयाची, पेढे वाटावयाचे आणि मग पुढील सात वर्षे दरमहा हप्ता भरावयाचा. या सोहळ्यात वावगे काही नाही. घर आणि मुलांचे शिक्षण यांच्या खालोखाल आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च हाच. तेव्हा त्याचा आनंद साजरा होणारच. परंतु ज्या घरात भाजीचा आणि किराण्याचा हिशेब वहीत लिहिला जातो, त्याच घरात सहा-सात लाखांची ही खरेदी मात्र हिशेबावाचून कशी होते, हे एक कोडेच आहे.

ही समजूत वाटते तितकी जुनीही नाही. १९७०च्या दशकात खासगी गिऱ्हाइकाला मिळू शकणाऱ्या मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात तयार होणारी अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी आणि पुढे ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली फियाट, आणि मद्रासची स्टँडर्ड. परवाना-पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित, मागणी अमाप. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परिणामी, आज हात ठेवताच उद्या दारात उभी राहणारी वापरलेली फियाट ही कोऱ्या गाडीच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई! जुनी वस्तू नव्याहून महाग असण्याचा हा चमत्कार आजच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातील कूटप्रश्न वाटेल. त्या काळी मात्र तो रोजचा व्यवहार होता. गावातील डॉक्टर व वकील दुसऱ्या-तिसऱ्या मालकीची गाडी चालवीत आणि त्यात त्यांना किंवा इतरांना कमीपणा वाटत नसे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती गिऱ्हाइकाच्या हाती पडली. तीसाठी लोकांनी दहा-दहा हजार रुपये अनामत भरून नावे नोंदविली होती. १९९३ साली मोटार उद्योग परवान्याच्या जाचातून सुटला, परदेशी कंपन्या आल्या, बँका कर्ज घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि चित्र उलटे झाले. पूर्वी पैसे साठवून गाडीची वाट पाहावी लागे. आता गाडी तयार असते, पैसे मागाहून साठवावयाचे असतात. त्याबरोबर नव्या गाडीला एक निराळीच प्रतिष्ठा चिकटली. केवळ स्वस्ताई पुरेशी नसते, हे २००९ साली बाजारात आलेल्या नॅनोने दाखवून दिले. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळखच तिला भोवली, असे पुढे रतन टाटा यांनीही मान्य केले. मध्यमवर्गाला गाडीबरोबर गाडीचा मानही हवा असतो, हे खरे. प्रश्न एवढाच की, त्या मानासाठी किती पैसे मोजले जात आहेत हे त्याला ठाऊक आहे काय?

कोरेपणाची किंमत

समजा, शोरूममधील किंमत सहा लाख रुपये आहे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर बसतो. ते झाले ६६ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीचा तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तो, गाडीचा स्वतःचा विमा, नोंदणी आणि किरकोळ खर्च मिळवला की गाडी रस्त्यावर येईतो सात लाखांच्या घरात जाते. यांतील एक लाख रुपये गाडी विकताना कोणी वेगळे मोजून देत नाही. उरलेल्या सहा लाखांचे काय होते, हे विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता सांगतो. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. म्हणजे पाचव्या वर्षाअखेर सहाचे तीन लाख. बाजारात लोकप्रिय गाड्यांना याहून बरा भाव येतो, नावडत्यांना वाईट. पण ढोबळ मानाने हिशेब हाच.

आता वापर पाहावा. शाळा वा कचेरी दोन-चार किलोमीटरवर, तिथे जावयाचे ते स्कूटरने किंवा बसने. गाडी निघते ती रविवारी, लग्नकार्याला, आईवडिलांना दवाखान्यात न्यावयाला, आणि दिवाळी-गणपतीत गावी जाण्यासाठी. महिन्याला पाचशे किलोमीटर झाले तर पुष्कळ. पाच वर्षांत तीस हजार किलोमीटर. तेवढ्या धावण्यासाठी गाडीच्या किमतीतून गेले चार लाख, म्हणजे किलोमीटरमागे तेरा रुपयांवर. लिटरला अठरा किलोमीटर धरले तर पेट्रोलच्या खर्चाच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. पेट्रोल दोन रुपयांनी महागले की ज्या घरात हळहळ होते, तिथे या तेरा रुपयांचा उल्लेखही होत नाही. कारण ते पंपावर द्यावे लागत नाहीत.

कर्जाचा भाग निराळा. सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ९,६५० रुपयांचा आणि व्याज दोन लाख दहा हजारांच्या आसपास. जुन्या गाडीच्या कर्जाला बँका व्याज अधिक लावतात, हे खरे आहे. परंतु तीन लाख रुपये १३ टक्क्यांनी चार वर्षांत फेडले तरी हप्ता आठ हजारांच्या किंचित वर आणि एकूण व्याज ८६ हजारांच्या घरात राहते. दर चढा असूनही व्याज निम्म्याहून कमी, कारण मूळ रक्कम निम्मी आणि मुदत आखूड. पाच वर्षे वापरलेली गाडी तीन लाखांना घेतली, नावबदल, टायर, बॅटरी, क्लच असे करीत आणखी साठ हजार घातले, आणि आणखी पाच वर्षांनी ती सव्वा-एक लाखाच्या पुढेमागे गेली, तर दोन्ही मार्गांतील एकूण फरक तीन लाखांच्या जवळपास येतो. आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. मात्र ते कसेही घातले तरी कमी धावणाऱ्या घरासाठी पारडे कोणत्या बाजूला झुकते, यात फारसा बदल होत नाही.

अर्थात नवी गाडी नेहमीच अविचार ठरते असे नाही. जो मनुष्य गाडी घेतो आणि नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होईतो ती विकत नाही, त्याच्या बाबतीत पहिल्या पाच वर्षांचा घसारा पंधरा वर्षांवर पसरतो. रोज शंभर किलोमीटर जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याला रस्त्यात बंद पडणारी गाडी परवडत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला. त्यामुळे नव्या-जुन्यातील अंतर थोडे मिटले. त्याआधी घेतलेली गाडी विकणारा ‘मी इतक्याला घेतली होती’ असे सांगू लागला तर घेणाऱ्याने त्या आकड्याकडे लक्ष देऊ नये. हिशेब धरावयाचा तो तीच गाडी आज कोरी किती रुपयांना मिळते त्यावरून. खरी अडचण दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलण्याची हौस असणाऱ्यांची आहे. घसाऱ्याचा सर्वांत जाड थर ते पुन्हा पुन्हा आपल्या अंगावर घेतात आणि ज्याला गाडीची हौस नाही, फक्त गरज आहे, अशा गिऱ्हाइकाचा फायदा करून देतात.

भीती कशाची?

एवढे सगळे खरे असेल तर लोक जुन्या गाडीला भितात का? याचे सर्वांत चांगले उत्तर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका लहानशा निबंधात दिले. तीन नियतकालिकांनी परत पाठविलेल्या या निबंधाचा २००१ सालच्या नोबेल पुरस्कारात मोठा वाटा होता. अमेरिकी बोलीत खोटी निघालेली गाडी म्हणजे ‘लेमन’, लिंबू. (आपल्याकडे लिंबू नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवतात; तिथे ते जुन्या गाडीच्या पोटात निघते.) अ‍ॅकरलॉफचे म्हणणे असे की, गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना मधला भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही. वाईट गाडीचा मालक आनंदाने होतो. बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी उतरतो, आणि उरल्यासुरल्या चांगल्या गाड्याही निघून जातात. शोरूममध्ये जी जादा रक्कम मोजली जाते तिचा मोठा भाग या अज्ञानापासून सुटका करून घेण्यासाठी असतो. यंत्र कोरे मिळते हे खरेच; पण त्याहून मोलाचे असते ते त्याला इतिहास नसणे.

मग उपाय एकच, इतिहास शोधून काढणे. तो शोधता येतो, आणि त्यासाठी लागणारे कौशल्य शिक्षक-कारकुनांकडे इतरांहून अधिक असते. कारण निम्मा इतिहास कागदांत असतो.

कागदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते हे फेब्रुवारी २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालावरून स्पष्ट होते. एका गृहस्थाने २००७ साली आपली गाडी विकली. ती पुढे आणखी काही हातांतून गेली. नोंदणीपुस्तकात नाव मात्र मूळ मालकाचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की, नोंदणी ज्याच्या नावे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विकून दोन वर्षे झाली होती, तिच्याशी काडीचा संबंध उरला नव्हता, तरीही! कोऱ्या २९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या करून ते एजंटाच्या हाती देणारे आणि ‘नाव तो बघून घेईल’ म्हणून निश्चिंत होणारे सज्जन आजही गावोगावी आढळतात. मोटार वाहन कायदा विकणाऱ्याला राज्यांतर्गत विक्रीची खबर चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याला नावबदलाचा अर्ज तीस दिवसांत देण्यास सांगतो. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेतल्याची खबर गेली की तेवढ्या काळापुरते तेच मालक मानले जातात. गाडी अशा विक्रेत्याला दिली असेल तर ही खबर खरोखर गेली की नाही, हे विकणाऱ्याने स्वतः पाहावे.

घेणाऱ्याची बाजूही अशीच. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ क्रमांकाचा अर्ज आधी हवा. दंडाच्या थकलेल्या ई-चलनांची रक्कम किमतीतून वळती करावी. गाडी दुसऱ्या राज्याच्या पासिंगची असेल तर बारा महिन्यांत इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. दिल्लीची गाडी स्वस्त का मिळते याचे अर्धे उत्तर यात आहे. उरलेले अर्धे ऑक्टोबर २०१८ च्या निकालात आहे. त्या निकालाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंदी कायम केली आणि तेथील जुन्या गाड्यांना बाहेरची गिऱ्हाइके शोधावी लागली. विम्याबाबत तर हमखास चूक होते. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जात नाही, असे न्यायालयाने १९९६ सालीच स्पष्ट केले आहे. नाव न बदलता गाडी ठोकली तर कंपनी दावा नाकारते. आणि दावा न केल्याबद्दलची सवलत ही गाडीची नसून मालकाची असते. ती जुना मालक घेऊन जातो.

कागदानंतर यंत्र. इथे ओळखीचा फिटर बरोबर असावा, आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. फुकटचा सल्ला बहुधा विक्रेत्याच्या चहाबरोबर बदलतो. गाडी पाहण्यास सकाळी, न कळवता थोडे आधीच जावे, कारण इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल तर थंडीत सुरू होताना होणारी त्याची कुरकुर ऐकू येत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा थर असेल तर आत पाणी शिरत असावे. मीटर मागे फिरवणे आता संगणकाच्या साह्याने चुटकीसरशी होते. पण क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड आणि चालकाच्या आसनाची बाजू यांना मागे फिरवता येत नाही. टायरवर चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या गाडीचे चारही टायर मूळचे नसतील तर प्रश्न विचारावा. काचांवरही वर्षाची खूण असते. एकच काच निराळ्या वर्षाची निघाली तर ती कशाने फुटली होती?

आणि पुराचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ साली सांगली-कोल्हापूर, २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेले. बुडालेल्या गाड्यांचे विमा कंपन्या लिलाव करतात, आणि धुऊन-पुसून, डेंटिंग-पेंटिंग करून अशा गाड्या दूरच्या गावी विक्रीला येऊ शकतात. वरून त्या देखण्या असतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. त्याच्या टोकाशी गाळाची रेघ राहते, कारण तिथपर्यंत धुण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आसनाखालचे रूळ गंजलेले, गालिच्याखाली कुबट वास, अशी चिन्हे दिसली तर भाव कितीही उतरला तरी परत फिरावे. पाणी शिरलेल्या तारा आज ना उद्या दगा देतातच.

कोणत्या सालची घ्यावी, याचा विचार लोक किमतीच्या अंगाने करतात. तो जिवाच्या अंगानेही करावयास हवा. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून, चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासाठीची २०२१ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः स्वस्त प्रकारांत, या गोष्टी असतीलच असे नाही. २०१५ ची गाडी २०२२ च्या गाडीहून लाख-दीड लाखाने स्वस्त असेल. पण त्या फरकात मुलाबाळांच्या डोक्यापुढची एअरबॅगही वजा झालेली असू शकते. नव्या गाडीची बाजू इथे सर्वांत बळकट आहे, आणि जुनी घेणाऱ्याने शक्यतो २०२२ च्या अलीकडे राहावे ते याचसाठी. पेट्रोलचीही गोष्ट आहे. २०२५ साली देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. त्यासाठी योग्य घटक एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. निती आयोगाच्या समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालात आधीच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. गाडी बघताना रबरी नळ्या आणि जोड तपासून घ्यावेत. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरील गाडीच्या नादी तर लागूच नये. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ साली ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले, आणि धोरणाचा रोख ते आणखी वाढण्याकडेच आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली ती वीस वर्षांची मुदत भरली म्हणून. यंत्राचे आयुष्य आणि नियमाचे आयुष्य ही दोन निराळी खाती आहेत आणि विकत घेताना दोन्हीत शिल्लक किती हे बघावे लागते.

हे सर्व एकेकट्या गिऱ्हाइकाने करावयाचे, ही मात्र खेदाची बाब म्हटली पाहिजे. इंग्लंडमध्ये तीन वर्षांवरील प्रत्येक गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते, आणि त्या वेळी मीटरवर किती मैल होते हे गाडीचा क्रमांक घालून कोणालाही फुकट पाहता येते. मीटर मागे फिरवणाऱ्याची तिथे पंचाईत होते. अमेरिकेने तर १९७२ सालीच मीटरशी छेडछाड केंद्रीय कायद्याने बेकायदा ठरविली. आपल्याकडे सरकारच्या वाहन प्रणालीवर मालकी, विम्याची मुदत, कर्जाचा बोजा इत्यादी गोष्टी कळू लागल्या, ही मोठी सोय झाली. परंतु गाडी किती धावली, आणि विम्याचे दावे किती व कशाबद्दल झाले, या नेमक्या दोन गोष्टी घेणाऱ्याला एका जागी सहज पाहावयास मिळत नाहीत. एवढे कळले तरी अ‍ॅकरलॉफच्या लिंबांपैकी बरीचशी उघडी पडतील. अडचण माहितीच्या अभावाची नाही. दाव्यांची माहिती विमा कंपन्यांपाशी असते. आणि पीयूसीच्या दाखल्यासाठी जवळजवळ प्रत्येक गाडी वर्षातून एकदा तरी केंद्रावर उभी राहतेच. धुराच्या नोंदीबरोबर मीटरचा आकडा टिपून तो त्याच प्रणालीवर चढविण्यास फार तर अर्धा मिनिट अधिक लागेल.